शून्य दोष, पण तपासलं काय? भाषा-ओळख दुरुस्तीच्या नोंदी

३ मार्च

सकाळी क्रॅशचा रिपोर्ट आला. ॲप बंद करताना कोसळतं, तेही फक्त एका प्लॅटफॉर्मवर. स्टॅक ट्रेस (कोसळताना चालू असलेल्या फंक्शनांची यादी) सरळ स्लॉटपूल.एच या हेडरमधल्या, म्हणजे इतर फाइलींत ओढल्या जाणाऱ्या कोडच्या फाइलमधल्या, डिस्ट्रक्टरपाशी (ऑब्जेक्ट नष्ट होताना चालणाऱ्या कोडपाशी) जातो. फाइल उघडली आणि दोन मिनिटांत चूक दिसली. एका मेथडमध्ये स्लॉटचा ॲरे 'न्यू'ने घेतलाय आणि डिस्ट्रक्टरमध्ये तो साध्या 'डिलीट'ने सोडलाय, पुढे चौकटी कंस नाहीत. स्लॉटला स्वतःचा डिस्ट्रक्टर आहे. अशा वेळी कंपायलर सहसा ॲरेच्या आधी घटकांची संख्या लिहून ठेवतो, त्यामुळे साधा 'डिलीट' भलताच पत्ता परत करतो. सी++ शिकवताना पहिल्या महिन्यात सांगतात ती ही चूक, आणि सीपीपीचेक, म्हणजे कोड न चालवता त्यातले दोष शोधणारं टूल, ती वर्षानुवर्षं पकडत आलंय.

बिल्ड (कोडपासून ॲप तयार करण्याची प्रक्रिया) सांभाळणारी सहकारी म्हणाली, "अगं, कालचा रिपोर्ट तर हिरवा आहे. या फाइलपुढे शून्य दोष लिहिलंय."

तिथून दिवसभर हेच धरून बसले. आमच्याकडे सगळ्या फाइली आधी वाटपाच्या स्क्रिप्टकडे जातात. ही स्क्रिप्ट फाइल कोणत्या प्रोग्रॅमिंग भाषेतली आहे ते ठरवते आणि त्या त्या टूलकडे फाइल पाठवते. स्क्रिप्ट जे पर्याय देते तेच देऊन सीपीपीचेक हाताने चालवलं. एकच ओळ आली, सिंटॅक्स एररची. स्क्रिप्टच्या तक्त्यात '.एच'पुढे 'सी' लिहिलेलं आहे, आणि ती टूलला भाषा स्पष्ट सांगूनच पाठवते. सीच्या व्याकरणात 'क्लास' नाही. टूल पहिल्याच क्लासपाशी अडलं आणि थांबलं.

मग ती एररची ओळ रिपोर्टमध्ये का नाही? स्क्रिप्टच्या शेवटी एक गाळणी आहे: सिंटॅक्स एररच्या ओळी काढून टाका. ती मीच दोन वर्षांपूर्वी घातली होती. तेव्हा बाहेरून आणलेल्या कोडमुळे रिपोर्ट या ओळींनी भरून जायचा आणि खरे दोष शोधावे लागायचे. गाळणी लावताना मी टूलचा गोंगाट कमी करत होते. प्रत्यक्षात मी 'मला ही फाइल वाचताच आली नाही' हे टूलचं म्हणणं पुसून टाकत होते.

आणखी एक. हे हेडर कित्येक .सीपीपी (सी++च्या) फाइलींत ओढलं जातं, मग त्या तपासताना तरी ही चूक दिसायला हवी होती. नाही दिसली, कारण सीपीपीचेकला इन्क्लूडचे मार्ग, म्हणजे हेडर कुठल्या फोल्डरांत आहेत ते, दिलेलेच नाहीत. 'हेडर तसेही स्वतंत्र तपासले जातात' असं त्या बदलाच्या कमिटच्या (नोंदीच्या) संदेशात लिहिलंय. म्हणजे दोन्हीकडून एकमेकांवर भरवसा ठेवला गेला, आणि हेडर दोन्हीकडून निसटले.

चौकटी कंस घातले, दुरुस्ती रवाना केली. पण तिकीट बंद करत नाही. हा एका हेडरचा प्रश्न नाही.

४ मार्च

आधी एक तक्ता काढला. प्रत्येक फाइलपुढे चार गोष्टी: भाषा कोणती ठरली, कोणत्या नियमाने ठरली, कोणत्या टूलकडे गेली, आणि टूलने ती शेवटपर्यंत वाचली का. एवढी साधी यादी आमच्याकडे आजवर नव्हती, याचं वाईट वाटलं.

एकूण १,८६४ फाइली. त्यातल्या १,६०२ फाइलींची भाषा फक्त एक्स्टेंशनवरून ठरली. ६४ फाइलींची पूर्ण नावावरून (मेकफाइल आणि तत्सम), ४१ फाइलींची शेबँगवरून (फाइल कोणत्या प्रोग्रॅमने चालवायची ते सांगणारी, '#!'ने सुरू होणारी पहिली ओळ). १५७ फाइलींपुढे भाषा रिकामी. रिकामी असली की स्क्रिप्ट काहीही न बोलता पुढे जाते.

तक्त्यात एक विचित्र गोष्ट दिसली: डी भाषेच्या २३६ फाइली. आमच्या टीममध्ये डी कोणी लिहीत नाही. उघडून पाहिल्यावर कळलं की बिल्ड चालताना कंपायलर अवलंबनाच्या ज्या यादीच्या फाइली तयार करतो, त्यांचंही एक्स्टेंशन '.डी'च असतं. कोणती ऑब्जेक्ट फाइल कोणत्या हेडरांवर अवलंबून आहे हे मेक या बिल्डच्या टूलच्या नियमात लिहिलेलं, बस. स्क्रिप्ट फाइल सिस्टिममध्ये फिरून फाइली गोळा करत होती आणि तपासणी बिल्डनंतर चालते, त्यामुळे हा सगळा पाचोळाही आत आला. आता यादी 'गिट एलएस-फाइल्स'वरून घेते, म्हणजे गिट या कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या टूलकडे नोंदलेल्या फाइलीच. उरल्या १,६२८.

६ मार्च

आजचा पूर्ण दिवस हेडरवर गेला. ३८८ हेडर आहेत.

पहिला विचार असा की फाइल वाचून ठरवू. 'क्लास', 'टेम्प्लेट', 'नेमस्पेस', 'एसटीडी'पुढे दोनदा कोलन, 'पब्लिक'पुढे कोलन. यातलं काही सापडलं की सी++. '@इंटरफेस' किंवा '@प्रॉपर्टी' सापडलं की ऑब्जेक्टिव्ह-सी. काहीच नाही सापडलं तर सी. गिटहबवर भाषांचे पट्टे दाखवणारी लिंग्विस्ट लायब्ररी '.एच'साठी साधारण याच वाटेने जाते. हे लिहायला अर्धा तास लागला, आणि पुढचे दोन तास ते कुठे कुठे चुकतं हे पाहण्यात गेले.

पहिला फटका 'एक्सटर्न सी'चा. सीमध्ये लिहिलेलं हेडर सी++मधूनही वापरता यावं म्हणून त्याच्या सुरुवातीला एक पहारा असतो: कंपायलर सी++चा असेल तर 'एक्सटर्न "सी"' उघड, नाहीतर सोड. 'एक्सटर्न "सी"' हे शब्द फक्त सी++मध्येच वैध आहेत, म्हणून मी ते सी++ची खूण धरलं होतं. पण ते जिथं दिसतात ते हेडर बहुधा शुद्ध सीचं असतं. खूण बरोबर उलटी.

दुसरा फटका कॉमेंटचा. एका सी हेडरमध्ये माहिती लिहिलीय, 'या क्लासचे संदेश पुढीलप्रमाणे'. 'क्लास' सापडला, सी++ ठरलं.

तिसऱ्या मुद्द्यापाशी थोडी थबकले. दोन भाषांतून वापरलेल्या हेडरची भाषा कोणती? उत्तर नाही असं नाही, उत्तरं दोन आहेत. हेडर स्वतः कंपाइल होत नाही. ज्या फाइलीत तो ओढला जातो तिची भाषा त्या क्षणापुरती त्याची भाषा. एकाच हेडरमधला पहारा सी++कडून वेगळा वाचला जातो, सीकडून वेगळा. फाइलकडे एकटक बघून हे कधीच कळणार नाही, कारण ही माहिती फाइलमध्ये नाहीच. ती बिल्डमध्ये आहे.

बिल्डकडे कंपाइल कमांड्सची जेसन फाइल आहे. सीमेकला (बिल्डचे नियम तयार करणाऱ्या टूलला) सांगितलं की तो ती काढून देतो (मेकफाइल आणि निंजा जनरेटर असतील तरच), आणि तिच्यात प्रत्येक सोर्स फाइलपुढे नेमकी आज्ञा असते. पण तिच्यात हेडर नसतात, कारण हेडर कंपाइल होत नाहीत. तिथं अडले. मग संध्याकाळी लक्षात आलं की परवा ज्या '.डी' फाइली पाचोळा म्हणून झाडून टाकल्या, त्यांच्यातच ही माहिती आहे. कोणती सोर्स फाइल कोणते हेडर ओढते, हे कंपायलरने स्वतः लिहून ठेवलंय.

जोडणी केली. फक्त सी++मधून वापरलेले २७१ हेडर. फक्त सीमधून ७४. दोन्हीकडून ३१. कुठूनच नाही असे १२. दोन्हीकडचे ३१ आता दोनदा तपासले जातील, एकदा सी म्हणून आणि एकदा सी++ म्हणून. वेळ वाढेल, चालेल.

७ मार्च

कालच्या १२ पैकी ५ मॅकच्या आवृत्तीतले आहेत, ते ऑब्जेक्टिव्ह-सी म्हणून नोंदले. तो बिल्ड या यंत्रावर होत नाही म्हणून यादीत नव्हते. उरलेले ७ खरोखरच कोणी वापरत नाही. काढायचं तिकीट वेगळं केलं. तोवर ते 'न ठरलेले' म्हणूनच दिसू देत.

इन्क्लूडचे मार्गही कंपाइल कमांड्समधूनच द्यायला सुरुवात केली.

११ मार्च

शेल स्क्रिप्ट. आमच्याकडे 'टूल्स' फोल्डरमध्ये बिनएक्स्टेंशनच्या बऱ्याच आहेत, तिथं शेबँगशिवाय इलाज नाही. १५७ रिकाम्यांपैकी बऱ्याच इथल्याच.

पहिली फाइल उघडली. पहिली ओळ डोळ्यांना स्वच्छ दिसते: '#!', पुढे बॅशचा मार्ग. तरी स्क्रिप्ट म्हणते शेबँग नाही. तासभर रेग्युलर एक्स्प्रेशन (शोधायचा नमुना) उलटंपालटं केलं. शेवटी फाइलचे बाइट पाहिले. '#!'चे दोन बाइट हेक्समध्ये २३ आणि २१. ते पहिले दोन असायला हवेत. त्यांच्या आधी तीन बाइट बसलेत: ईएफ, बीबी, बीएफ. यूटीएफ-८चा बीओएम, म्हणजे मजकूर कोणत्या एन्कोडिंगमध्ये आहे ते सांगणारी अदृश्य खूण. एडिटरमध्ये तो दिसत नाही, पण ऑपरेटिंग सिस्टिमचा कर्नल पहिले दोन बाइट बघतो आणि आमची स्क्रिप्टही तेच करते. दोघांच्याही दृष्टीने इथं शेबँग नाही.

मग ही फाइल रोज चालते कशी? कारण रात्रीचं काम तिला 'बॅश' या आज्ञेलाच देतं, शेबँगची गरज पडत नाही. फक्त बॅश पहिली ओळ कॉमेंट न समजता आज्ञा समजतो, कारण ओळ '#'ने सुरू होत नाही. जुने लॉग काढले. प्रत्येक रात्रीच्या लॉगची पहिली ओळ तीच: अशी फाइल किंवा डिरेक्टरी नाही. महिनोन्महिने रोज छापली गेलेली ओळ. कोणीही, मीसुद्धा, ती वाचली नव्हती.

यात मला सगळ्यात लागलं ते वेगळंच. शेलचेकमध्ये, म्हणजे शेल स्क्रिप्ट तपासणाऱ्या टूलमध्ये, नेमकी याच दोषासाठी सूचना आहे, क्रमांक एससी१०८२: फाइलमध्ये बीओएम आहे, काढा. टूल तयार होतं. ज्या दोषाबद्दल ते बोलणार होतं, त्याच दोषामुळे फाइल त्याच्यापर्यंत पोचली नाही.

दुपारी तसंच दुसरं. तीन स्क्रिप्ट माझ्या लिनक्स यंत्रावर बॅश म्हणून ओळखल्या जातात आणि तपासणीच्या यंत्रावर नाहीत. कमिट तेच. तपासणीचं यंत्र विंडोजचं आहे आणि तिथं गिट चेकआउट करताना ओळींचे शेवट बदलतं. आम्ही शेबँगच्या ओळीतून शेवटचा शब्द काढून तक्त्यात शोधतो. तिथं शब्द निघत होता 'बॅश' अधिक एक कॅरेज रिटर्न. तक्त्यात 'बॅश' आहे, 'बॅश अधिक अदृश्य अक्षर' नाही. लॉगमध्ये छापलं तर दोन्ही सारखेच दिसतात. 'कॅट'ला मोठ्या 'ए'चा पर्याय दिला तेव्हा ओळीच्या शेवटी ती खूण उमटली. यासाठीही शेलचेककडे सूचना आहे, एससी१०१७. पुन्हा तीच गत.

दुरुस्त्या: बीओएम असला तर बाजूला ठेवून पुढे वाचायचं, पण तो होता हे तक्त्यात नोंदवायचं. ओळीचा शेवट छाटायचा. शेबँगमध्ये 'ईएनव्ही'पुढे मोठ्या 'एस'चा पर्याय असला तर तो ओलांडून पुढचा शब्द घ्यायचा. हा पर्याय ग्नू कोअरयुटिल्समध्ये २०१८ साली आला आणि आमच्या दोन पायथन स्क्रिप्टमध्ये आहे. गिटअॅट्रिब्यूट्समध्ये (कोणती फाइल कशी हाताळायची ते गिटला सांगणाऱ्या फाइलीत) 'टूल्स' फोल्डरला ओळीचा शेवट एलएफ, म्हणजे कॅरेज रिटर्नशिवाय, असं बांधून टाकलं.

दुसऱ्या स्क्रिप्टमध्ये ओढून घेतल्या जाणाऱ्या काही शेल फाइलींना शेबँग नाहीच, आणि असण्याची गरजही नाही. त्यांच्या डोक्यावर शेलचेकसाठीची कॉमेंट लिहिली, 'शेल=बॅश'. ती नसली तर शेलचेक एससी२१४८ देतं: तुमचं शेल कोणतं ते कळत नाही. मला हा संदेश फार आवडतो. माहीत नसलं तर टूल तसं तोंडाने सांगतं.

१३ मार्च

एकाच एक्स्टेंशनच्या अनेक भाषा.

'.टीएस' लवकर सुटलं. वेब डॅशबोर्ड टाइपस्क्रिप्टमध्ये आहे, आणि डेस्कटॉप ॲपच्या भाषांतराच्या क्यूटी फाइलींचंही एक्स्टेंशन '.टीएस'च. दुसऱ्या एक्सएमएल असतात, सुरुवातीलाच डॉकटाइप टीएस. पहिला अर्थपूर्ण शब्द बघितला की झालं.

'.एम'ही सोपं गेलं. सिम्युलेशनच्या फोल्डरमध्ये मॅटलॅब, मॅकच्या फोल्डरमध्ये ऑब्जेक्टिव्ह-सी. फोल्डरवरून नियम लिहिला. आशय बघायची गरजच नाही, आणि जिथं गरज नाही तिथं बघू नये असं माझं मत पक्कं होत चाललंय.

'.पीएल'ने मात्र दम काढला. जुन्या पर्ल स्क्रिप्ट आणि नियमांचं इंजिन, जे प्रोलॉगमध्ये आहे, दोन्ही एकाच फोल्डरमध्ये. नियम लिहिला: '#' न लागता ओळीत ':-' आला तर प्रोलॉग, 'यूज स्ट्रिक्ट' सापडलं तर पर्ल. चालवलं तर एक ठळक पर्ल फाइल प्रोलॉग ठरली. तिच्यात हियरडॉकमध्ये (कोडमध्ये जसाच्या तसा घातलेल्या अनेक ओळींच्या मजकुरात) शेलचा तुकडा आहे, आणि शेलमध्ये व्हेरिएबलला पर्यायी किंमत देताना ':-' लिहितात. प्रोलॉगचा नियम आधी होता, म्हणून तोच लागला. क्रम बदलला तर ही फाइल सुटली, पण एका प्रोलॉग फाइलच्या कॉमेंटमध्ये 'पूर्वी हे पर्लमध्ये यूज स्ट्रिक्टसह होतं' असं लिहिलेलं निघालं.

मग वाटलं, आधी कॉमेंट आणि स्ट्रिंग काढून टाकू, मग खुणा शोधू. लिहायला बसले आणि हात थांबले. कॉमेंट काढायची तर ती कशी सुरू होते हे माहीत हवं. पर्लमध्ये '#', प्रोलॉग आणि मॅटलॅबमध्ये '%', आणि सीमध्ये '#' म्हणजे प्रीप्रोसेसरची आज्ञा, सगळ्यात कामाची ओळ. कॉमेंट ओळखायला भाषा हवी, आणि भाषा ओळखायला कॉमेंट काढायला हवी. वर्तुळ.

तोडगा असा निघाला: उमेदवार भाषा दोनच असतील तर फाइल दोनदा वाचायची. एकदा पर्ल आहे असं धरून तिच्या पद्धतीने कॉमेंट आणि स्ट्रिंग काढायच्या आणि पर्लच्या खुणा मोजायच्या. मग प्रोलॉग धरून तसंच. एकाच वाचनात खुणा सापडल्या तर ती भाषा. दोन्हींत सापडल्या किंवा कशातच नाही, तर 'ठरलं नाही'. सगळ्या '.पीएल' फाइली बरोबर ठरल्या, एकीलाही अंदाजाने ढकलावं लागलं नाही.

१८ मार्च

टीममधल्या एका तरुण सहकाऱ्याने नाइव्ह बेझ वर्गीकारक, म्हणजे फाइलीतल्या शब्दांवरून भाषेचा अंदाज करणारा प्रोग्रॅम, करून आणला. "ताई, नियम लिहीत बसण्यापेक्षा आपल्याच फाइलींवर शिकवू," असं तो म्हणाला. मनापासून केलेलं काम होतं, म्हणून दोघं बसून नीट तपासलं. सी आणि सी++च्या हेडरांवर त्याची उत्तरं जवळजवळ सगळी बरोबर. इतकी बरोबर की संशय आला.

कोणत्या शब्दांना किती वजन मिळालं ते छापून पाहिलं. वरचे शब्द 'टेम्प्लेट' किंवा 'नेमस्पेस' नव्हते. ते परवान्याच्या मजकुरातले होते. आमच्या प्रत्येक फाइलीच्या डोक्यावर वीसेक ओळींचा परवाना असतो. सीचा कोड जुना, त्याला जुना परवाना. सी++ नंतरचं, त्याला नवा. वर्गीकारक भाषा शिकलाच नव्हता, परवाना शिकला होता. परवान्याच्या ओळी काढून पुन्हा शिकवलं तेव्हा छोट्या हेडरांवर तो अडखळू लागला. सहा ओळींचं, नुसत्या 'डिफाइन'चं हेडर सीचंही तितकंच आणि सी++चंही तितकंच. तरी उत्तर येतंच, कारण त्याला उत्तर न देण्याची मुभाच नाही.

लिंग्विस्टमध्ये वर्गीकारक आहे, पण तो सगळ्यात शेवटी येतो. आधी एडिटरची मोडलाइन (फाइलीतच एडिटरसाठी लिहिलेली, भाषा सांगणारी ओळ), मग फाइलचं नाव, शेबँग, एक्स्टेंशन, नंतर आशयाचे नियम. प्रत्येक पायरी उमेदवार कमी करत जाते आणि एकच उरला की तिथंच थांबतात. भाषांचा पट्टा दाखवायचा असेल तर शेवटी अंदाज करून टाकणं समजू शकतं; चार फाइली इकडच्या तिकडे गेल्या तरी पट्टा फारसा हलत नाही. आमच्याकडे चुकीचा अंदाज म्हणजे न तपासलेली फाइल.

वर्गीकारक ठेवला, पण सल्लागार म्हणून. 'ठरलं नाही' अशा फाइलीपुढे तो आपलं मत लिहितो, निर्णय माणूस घेतो. सहकाऱ्यालाही पटलं. परवान्याचा शोध त्यानेच टीमला समजावून सांगितला.

२० मार्च

माणसाने ठरवलेलं कुठे लिहायचं? नवीन फाइल काढण्यापेक्षा गिटअॅट्रिब्यूट्समध्येच लिहू, तिथं 'लिंग्विस्ट-लँग्वेज' हे नाव आधीपासून रूढ आहे. सीपीपीचेक किंवा क्लँग-टायडी (दोष शोधणारं आणखी एक टूल) ते वाचत नाहीत, पण आमची वाटपाची स्क्रिप्ट 'गिट चेक-अॅटर'ने विचारू शकते.

दोन गोष्टींनी वेळ खाल्ला. एक, त्याच फाइलीत एकाच गुणधर्मासाठी खालची ओळ वरच्या ओळीवर मात करते. मी आधी एका फोल्डरच्या हेडरांना सी लिहिलं आणि तळाशी सगळ्या '.एच'ना सी++. तळाची ओळ जिंकली. सामान्य नियम वर, अपवाद खाली, असं करून घेतलं. दुसरं, 'चेक-अॅटर' कामाच्या प्रतीतली फाइल वाचतं, पण लिंग्विस्ट कमिट झालेली. सहकारी म्हणत होती भाषा बदलली नाही, मी म्हणत होते बदलली, आणि दोघीही आपापल्या जागी बरोबर होतो. तिने कमिट केलं आणि वाद मिटला.

२१ मार्च

मोठ्या '.सी'चा प्रश्न. जीसीसी मोठ्या लिपीतलं '.सी' सी++ मानतो आणि छोट्या लिपीतलं सी. आमची स्क्रिप्ट सगळं छोटं करून घेते. अशा ९ फाइली निघाल्या. नावं '.सीपीपी' करून टाकली, कारण विंडोजसारख्या लिपीभेद न मानणाऱ्या फाइल सिस्टिमवर हा फरक टिकवणं म्हणजे डोकेदुखी.

२५ मार्च

आता रिपोर्ट. आजवर रिपोर्टमध्ये एकच आकडा असायचा, दोषांचा. शून्य दोष असलेली फाइल आणि कधीच न वाचलेली फाइल रिपोर्टमध्ये हुबेहूब सारखी दिसायची. मला हेच मुळापासून बदलायचं होतं.

आता वरच तीन आकडे येतात: तपासलेल्या, जाणूनबुजून वगळलेल्या, न ठरलेल्या. वगळलेल्या म्हणजे बाहेरून आणलेला कोड, यंत्राने तयार केलेला कोड, भाषांतरं, चित्रं वगैरे. प्रत्येकीपुढे वगळण्याचं कारण. 'तपासलेली' म्हणवून घ्यायला टूलने फाइल शेवटपर्यंत वाचलेली असावी लागते. सिंटॅक्स एरर आली तर ती फाइल न ठरलेल्यांत जाते. दोन वर्षांपूर्वीची ती गाळणी आज काढली. बाहेरचा कोड आता नावानिशी वगळलाय, त्यामुळे तेव्हाचा गोंगाटही नाही.

नवीन फाइल न ठरलेली राहिली तर मर्ज (बदल मुख्य कोडमध्ये मिसळणं) अडवायचं, असं मी सुचवलं. बैठकीत एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी हरकत घेतली.

"एका ओळीच्या फाइलसाठी लोकांचं काम थांबवणार का?"

"थांबवणार नाही, विचारणार. गिटअॅट्रिब्यूट्समध्ये एक ओळ लिहिली की सुटलं. किंवा वगळायची असेल तर कारण लिहा."

"आणि रात्री अकरा वाजता तातडीची दुरुस्ती असेल तर?"

हा मुद्दा त्यांचा रास्त होता. तातडीच्या शाखेवर फक्त सूचना द्यायची, अडवायचं नाही, असं ठरलं. मला थोडं टोचतंय, पण चालेल.

२८ मार्च

आजचं काम मला या सगळ्या खटाटोपात सगळ्यात जवळचं वाटतं. प्रत्येक भाषेसाठी आणि प्रत्येक वादग्रस्त एक्स्टेंशनसाठी एकेक फाइल मुद्दाम चूक पेरून ठेवली. सी++ हेडरमध्ये चौकटी कंस नसलेला 'डिलीट'. सी हेडरमध्ये ॲरेच्या हद्दीबाहेर लिहिणारं इनलाइन फंक्शन. बिनएक्स्टेंशनच्या बॅश फाइलीत अवतरणाशिवायचं व्हेरिएबल. बीओएम असलेली, कॅरेज रिटर्न असलेली, हियरडॉकमध्ये ':-' असलेली पर्ल, अशा सगळ्या. एकूण २२. तपासणी संपल्यावर स्क्रिप्ट बघते की पेरलेली प्रत्येक चूक सापडली का. एक जरी निसटली तरी रिपोर्ट लाल, बाकीचा कोड कितीही स्वच्छ असो.

पहिल्याच फेरीत दोन निसटल्या. दोन्ही ऑब्जेक्टिव्ह-सीच्या. भाषा बरोबर ठरली होती, पण तपासणीच्या यंत्रावर त्या भाषेसाठी कोणतं टूल नेमलेलंच नव्हतं. स्क्रिप्ट टूल शोधायची, सापडलं नाही की पुढे जायची. भाषा-ओळख नीट झाली तरी त्यापुढेही फाइल गळू शकते, हे पेरलेल्या फाइलींशिवाय कळलं नसतं. क्लँग-टायडी जोडलं, दोन्ही सापडल्या.

२ एप्रिल

पूर्ण रिपोर्ट आला. एकूण १,६५० फाइली, पेरलेल्या २२ धरून. तपासलेल्या १,२२३, वगळलेल्या ४१९, न ठरलेल्या ८. आठांपैकी सात म्हणजे कोणीच वापरत नाही ते हेडर. आठवी 'टूल्स'मधली एक बिनएक्स्टेंशनची फाइल आहे, जिच्यात शेल आणि पर्ल दोन्ही आहेत: वरच्या ओळी शेल वाचतं आणि 'एक्झेक'ने तीच फाइल पर्लकडे देतं. ही जिने लिहिली तिला उद्या विचारते, दोनदा तपासायची की सरळ पर्ल करायची.

हेडरांतून ३८ नवे दोष बाहेर आले. सहकाऱ्यांबरोबर बसून चाळले: ११ खरे, त्यातले दोन मेमरीचे. बाकीचे शैलीचे किंवा खोटे. दोन मेमरीवाले आज दुपारीच दुरुस्त झाले, कोणाचं ॲप कोसळायच्या आधी.

कोडच्या पोटातल्या भाषा अजून बाकी आहेत. सी++च्या स्ट्रिंगमधलं एसक्यूएल, शेलच्या हियरडॉकमधलं पायथन. फाइलची एकच भाषा असते या समजुतीवर आमची सगळी स्क्रिप्ट उभी आहे. त्यासाठी नवं तिकीट उघडलं.

शेवटी एक करायचं मनात होतं. ३ मार्चच्या दुरुस्तीआधीचा कमिट वेगळ्या फोल्डरमध्ये काढला आणि नवी स्क्रिप्ट त्यावर चालवली. स्लॉटपूल.एच: भाषा सी++, ठरली बिल्डवरून, टूल सीपीपीचेक, शेवटपर्यंत वाचली. खाली एक दोष. घेतलं एका पद्धतीने, सोडलं दुसऱ्या पद्धतीने, ओळ ५८. बिल्डवाल्या सहकारीला बोलावून स्क्रीनवर दाखवलं. तिने ओळ वाचली, जुना हिरवा रिपोर्ट शेजारी उघडून ठेवला आणि म्हणाली, "आता कर तिकीट बंद."